एक माप मोठी पॅन्ट

११ ऑगस्ट

आज कार्यालयातल्या फोनवर एका वाचकाचा अभिप्राय ध्वनिमुद्रित होऊन पडला होता. आमच्या साप्ताहिकाला अभिप्राय क्वचित येतात, आणि येतात ते मृत्युलेखात मामाचे नाव राहून गेल्याबद्दल. म्हणून रोझेलाने बोलावले तेव्हा मी उत्सुकतेने गेलो. पुरुषी आवाज, घसा बसलेला. "प्रॅथर, तू गाडी कुठे लावतोस ते आम्हाला ठाऊक आहे." इतकेच. भाषा निर्दोष, आशय संदिग्ध.

"हे क्रॅबट्रींकडचं," रोझेला म्हणाली. रोझेला जाहिराती घेते, वर्गणी घेते आणि माझे शुद्धलेखन तपासते. या तिन्हींपैकी कशातही तिचा अंदाज चुकत नाही.

जुलैत जिल्ह्याच्या जत्रेत व्हर्नन क्रॅबट्रीच्या मुलीच्या गोऱ्ह्याने पहिला क्रमांक पटकावला. पुढे तो गोऱ्हा कापला गेला तेव्हा कातडीखाली टोचलेले तेल निघाले. पाठ भरदार दिसावी म्हणून कोणीतरी केलेला खटाटोप. बक्षिसाची फीत काढून घेतली गेली. मी ते पहिल्या पानावर, फीत धरलेल्या मुलीच्या छायाचित्रासह छापले. केंटकीत माणसाच्या धर्माबद्दल काहीही छापावे, गोऱ्ह्याबद्दल जपून.

शेरीफच्या माणसाने ध्वनिमुद्रण ऐकले. "लोवेल, तू गाडी कुठे लावतोस ते गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे," म्हणाला. हे मात्र खरे. गाडी लावायला जागाच एक आहे.

१४ ऑगस्ट

कार्यालयासमोर, बंद पडलेल्या धुलाईकेंद्रापाशी, एक राखाडी पिकअप उभी होती. आत एक माणूस. सूर्य काचेवर आल्यामुळे टोपीखेरीज काही दिसेना. मी कुलूप लावले, गाडी काढली. ती मागे आली. चर्चच्या वळणावर नाहीशी झाली.

योगायोग असेल. संध्याकाळी सगळे घरीच जातात.

१५ ऑगस्ट

योगायोग आजही होता.

१८ ऑगस्ट

सकाळी डेलबर्ट बिस्किटे, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, आणि रस्सा घेऊन आला. डेलबर्ट स्कॅग्ज माझा शेजारी. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले. फेब्रुवारीत त्याची बायको इमोजीन वारली. पूर्वी रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसायचा, हल्ली फिरकत नाही. त्याची गाडी अंगणात असते, पण घरात दिवा नसतो. लवकर झोपत असावा. दुःखात माणसाला झोप फार येते म्हणतात.

बसला आणि कागदी पेल्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफले थुंकू लागला. तंबाखू सोडल्यापासूनचा त्याचा हा उद्योग.

"तुझी काळजी वाटते, संपादकसाहेब," म्हणाला. "सहाशिवाय दिवा मालवत नाहीस. काल तर कोबी घ्यायला दुकानात शिरलास तो तासभर."

मी म्हटले, रोझेला फार बोलते.

"रोझेला?" तो म्हणाला, आणि थुंकला.

त्याला पिकअपबद्दल सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "राखाडी म्हणतोस. चांगली गाडी असते ती." काही माणसांना संकटातही यंत्रच दिसते.

२१ ऑगस्ट

पिकअप उभी राहते तिथे दुपारी जाऊन पाहणी केली. फरसबंदीच्या कडेला सूर्यफुलाच्या टरफलांचा ढीग. म्हणजे तो इसम बराच वेळ बसतो आणि वेळ घालवायला काहीतरी चघळतो. गुन्हेगाराच्या स्वभावाविषयी यावरून काही निष्कर्ष काढता येईल का, याचा रात्रभर विचार केला. एवढाच निघाला की तो धीराचा आहे.

मी नाही.

२३ ऑगस्ट

ट्विलाच्या दुकानात गेलो. डाव्या हाताला जिवंत गांडुळे आणि गळ, उजव्या हाताला पिस्तुले. ट्विला मधोमध, गळ्यात चष्मा लटकवून.

"काय हवंय राजा? गांडुळं?"

"दुसरं."

"हां." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिंप्याने पाहावे तसे मला कमरेपाशी पाहिले. "का ते मी विचारत नाही. कुठे ठेवणार ते सांग. बाजूला, पोटापाशी, खिशात की घोट्याला?"

मी म्हटले, दिसणार नाही तिथे.

"ते सगळ्यांनाच हवं असतं. तू बसून लिहितोस. तुझं पोट टेबलापर्यंत येतं. पोटापाशी ठेवलंस तर प्रत्येक अग्रलेखाला टोचेल."

पहिले पिस्तूल तिने ठेवले ते पाहताक्षणी मी प्रेमात पडलो. तळहाताएवढे, काळे, चापून बसवलेले. चष्म्याच्या डबीसारखे खिशात जाईल असे. ट्विलाने सुस्कारा सोडला. "सगळे यालाच भुलतात. नवरे बायकांसाठी घ्यायला येतात तेही हेच नेतात. छोटं म्हणजे सोपं, असं धरून चालतात."

दुकानामागच्या मातीच्या बांधासमोर तिने ते माझ्या हाती दिले. माझ्या करंगळीला मुठीवर जागाच नव्हती. चाप ओढला आणि कोणीतरी पंजावर पट्टी मारावी तसे झाले. दुसऱ्या खेपेला मी गोळी सुटण्याआधीच डोळे मिटले. कागदी लक्ष्य निर्लेप राहिले.

"धक्का कोणीतरी खायचाच असतो," ट्विला म्हणाली. "पिस्तुलाला वजन असलं तर ते खातं. नसलं तर तू."

मग एक आखूड नळीचे रिव्हॉल्वर. त्यात बिघडण्यासारखे काही नाही, पण चाप इतका जड की ओढेस्तोवर माणसाचे मतपरिवर्तन व्हावे. मला हा गुण वाटला. ट्विलाला वाटला नाही. "ओढताना तुझी नळी डावीकडे जाते. डावीकडे कोण उभा असेल सांग?"

काही न घेता परतलो. धुलाईकेंद्रासमोर पिकअप होतीच.

३० ऑगस्ट

परत ट्विलाकडे. या वेळी मधल्या आकाराचे, नऊ मिलिमीटरचे पिस्तूल: मूठ थोडी आखूड, पण करंगळी टेकते. गोळ्या कागदावर लागल्या. एका जागी नव्हे, तरी एका गावात म्हणता येईल इतपत. घेतले. सरकारी अर्ज भरला, त्यांनी माझी पार्श्वभूमी तपासली आणि ती नेहमीसारखीच नीरस आढळली.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, निवडताना ट्विलाने काउंटरखालचा खण उघडून दाखवला. चामड्याची, प्लास्टिकची, कापडी. लोकांनी घेऊन कंटाळून परत केलेली. "प्रत्येकाच्या घरी असा खण असतो. तुझाही होईल. चापावर कडक झाकण हवं, एवढं सोडू नकोस. बाकी तुझ्या हाडांवर आहे." मग म्हणाली, "आता जाऊन पॅन्ट घे. एक माप मोठी. आणि शर्ट खोचणं विसर."

मी पंचावन्न वर्षांचा आहे. आईने खोचायला शिकवलेला शर्ट एका बाईने बाहेर काढायला लावला.

८ सप्टेंबर

या आठवड्यात झालेले ज्ञान पुढीलप्रमाणे. लाकडी खुर्चीत टेकून बसले की टक् असा आवाज येतो आणि हॉटेलातली सगळी माणसे सौजन्याने दुसरीकडे बघतात. वरच्या फळीवरचा मुरंबा काढू नये, शर्ट वर सरकतो. पडलेले नाणे वाकून उचलू नये, गुडघ्यांवर बसून उचलावे, राजकन्येसारखे. शौचालयात काय करावे याबद्दल ट्विलाला विचारण्याचे धैर्य झाले नाही. टपाल कार्यालयात नेणे कायद्याने मना. म्हणून मी आता तिकिटे रोझेलाकडून मागवतो.

रोझेला सोमवारी सकाळी सर्वांना मिठी मारते. मला मारली, आणि तिचा हात कमरेपाशी थबकला.

"अहो, हे काय?"

"पाठीचा पट्टा," मी म्हणालो.

"कुठल्या बाजूला पाठ असते तुमची?" तिने विचारले. पण तेव्हापासून ती मिठी डाव्या बाजूने मारते. आमच्याकडे याला शिष्टाचार म्हणतात.

१९ सप्टेंबर

वाटले होते, घेतल्यावर जीव थाऱ्यावर येईल. उलट झाले. पूर्वी मी संध्याकाळी एकदा पिकअपकडे बघत असे. आता दिवसभर सगळ्यांकडे बघतो. तोंडाकडे नव्हे, कमरेकडे. कोणाचा शर्ट उजवीकडे फुगला आहे, कोण बसताना कोपर अंगाला घासतो. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी मान खाली घातली आणि पुढच्या बाकावरची उघड गुपिते मोजत बसलो. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसतो. त्यामुळे येणारे बिल सोबतच्याच्या आधी मला दिसते, एवढाच लाभ.

घरी रिकामे पिस्तूल घेऊन आरशासमोर सराव करतो. शर्ट वर, हात खाली, बाहेर. कधी शर्टच हातात येतो, कधी बटण. आरशातला मनुष्य अजून तरी सुरक्षित आहे.

५ ऑक्टोबर

डेलबर्टला सरळच विचारले, "तू काय बाळगतोस रे?"

तो दारच्या मॅपलची पाने गोळा करत होता. काम थांबवले नाही. "माणसाला पगार विचारू नये, आणि शर्टाखाली काय आहे तेही."

"शेजाऱ्यालाही?"

"शेजाऱ्याला तर नाहीच. त्याला उद्याही तोंड दाखवायचं असतं." मग दाताळ्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "तुझं मात्र सगळ्या गावाला दिसतं. आयुष्यभर शर्ट खोचून हिंडलास, आता एकदम बाप्तिस्म्याच्या झग्यात. निदान रंग तरी गडद घे."

वाळला आहे तो. डोळ्यांखाली काळे. म्हटले, झोप घे. म्हणाला, "हल्ली बरी लागते. संध्याकाळी जरा बाहेर पडतो ना, मग लागते." कुठे जातो, हे विचारायचे राहून गेले. गाडी तर अंगणातच असते.

२२ ऑक्टोबर

आज पिकअप नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी कार्यालयाच्या मागच्या दाराने निघालो, इमारतीला वळसा घातला, गाडीखाली वाकून पाहिले. दृष्टीस पडत असलेला शत्रू परवडतो.

डेलबर्टला ताप आहे. त्याला संध्याकाळी रस्सा नेऊन दिला. अंथरुणातून म्हणाला, "आज कुठून आलास घरी?" मागच्या रस्त्याने, मी सांगितले. "मागच्या रस्त्याला दिवे नाहीत," तो म्हणाला आणि उठून बसू लागला. तापात माणूस काहीही बोलतो.

२४ ऑक्टोबर

डेलबर्ट बरा. पिकअप पुन्हा हजर.

४ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

रविवारी घड्याळे तासाने मागे गेली, त्यामुळे पाच वाजताच दिवेलागण होते. किराणा दुकानाच्या आवारात मी पिशव्या मागच्या आसनावर ठेवल्या आणि गाडीत बसणार, एवढ्यात दोन रांगा सोडून राखाडी पिकअपचे दार उघडले. एवढ्या दिवसांत ते दार कधी उघडले नव्हते. टोपीवाला उतरला आणि भराभर माझ्याकडे येऊ लागला. तोंड अंधारात. उजवा हात जाकिटाच्या आत गेला.

आरशासमोर एकदाही धड जमले नव्हते, ते जमले. शर्ट अडकला नाही, बटण अडकले नाही. पिस्तूल बाहेर आले, दोन्ही हात पुढे गेले, नळी त्याच्या छातीवर. बोट चापावर गेल्याचे मला कळलेही नाही.

तो थांबला. जाकिटातला हात तसाच आत. खालच्या ओठाला टरफल चिकटले होते.

"गाडीच्या टपावर तुझी फाईल राहिलीय," डेलबर्ट म्हणाला.

मी पाहिले नाही. पाहू शकत नव्हतो.

"लोवेल. बोट काढ आधी. बाहेर. हां. आता नळी जमिनीकडे. घाई नाही, मला कुठे जायचं नाहीये."

सगळे त्याने सांगितले तसे केले. पिस्तूल म्यानात जाईना, तेव्हा त्याने माझ्या हातातून ते अलगद घेतले, रिकामे केले आणि आपल्या टोपीत ठेवले, कोंबडीचे अंडे ठेवावे तसे. मग जाकिटातून हात काढला. हातात सूर्यफुलाच्या बियांची पिशवी होती. खाली उतरताना सांडू नये म्हणून आत सरकवत होता.

बराच वेळ आम्ही त्याच्या पिकअपमध्ये बसून राहिलो. गाडी चुलतभावाची, चर्चच्या मागे लावून ठेवतो, म्हणजे मला कळू नये. फोनवरचा निरोप रोझेलाने त्याच दिवशी त्याला ऐकवला होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू 'नको' म्हणाला असतास. वर त्यावर लेख लिहिला असतास."

"आणि खरंच कोणी आलं असतं तर? तुझ्याजवळ काय आहे?"

त्याने जाकीट उघडून दाखवले. पट्टा होता. पट्ट्याला काही नव्हते. "कॉफी आहे," तो म्हणाला. "आणि हॉर्न. बसचा बसवलाय."

मी विचारले, तुझ्या बंदुका कुठे आहेत. जे विचारू नये म्हणून महिन्यापूर्वी त्याने बजावले होते तेच. या वेळी त्याने बजावले नाही. समोर काचेतून बघत म्हणाला, "ट्विलाकडे. मार्चमध्ये नेऊन दिल्या. सगळ्या. इमोजीन गेल्यावर घरात नको होत्या मला. तो महिना काही बरा नव्हता."

माझ्या आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या मध्ये एक कुंपण आहे. त्याच्या खिडकीला पडदासुद्धा नाही.

"आता बरं आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी काम असतं."

६ नोव्हेंबर

ट्विलाच्या काउंटरवर पिस्तूल ठेवले, म्यानासकट. म्हटले, विकायचे नाही, ठेवून घे.

तिने दोरीचा कागदी बिल्ला काढला, त्यावर माझे नाव लिहिले, बांधले आणि मागच्या तिजोरीच्या खोलीत घेऊन गेली. दार अर्धवट उघडे होते. आत अशा बिल्ल्यांच्या किती बंदुका भिंतीला टेकून होत्या, ते मोजायचे नाही एवढे मला कळले. त्यांतली बरीच नावे मी दर आठवड्याला या ना त्या कारणाने छापतो.

"हवं तेव्हा ने," परत येऊन ती म्हणाली. "दिवस तू ठरव. फक्त नेताना मी एकदा तुझ्या तोंडाकडे बघणार, आणि मला बरं वाटलं तरच देणार. सगळ्यांना हाच नियम."

"डेलबर्टलाही?"

"मी कोणाचं बोलत नाही, राजा. गांडुळं हवीत का?"

गांडुळे घेतली. रिकाम्या हाताने निघणे बरे दिसले नसते. पॅन्ट कमरेवरून सारखी घसरत होती.

१३ नोव्हेंबर

व्हर्नन क्रॅबट्री आज कार्यालयात आला. मी उठून उभा राहिलो आणि हात उगीचच उजव्या बाजूला गेला. तिथे आता फक्त शर्ट आहे. त्याने ते पाहिले. दोन्ही हात त्याने काउंटरवर ठेवले.

जाहिरात द्यायची होती. जत्रेला गुरे नेण्याची गाडी विकायची आहे. "मुलगी म्हणते, पुन्हा नाही," तो म्हणाला. रोझेलाने मजकूर लिहून घेतला. पैसे देऊनही तो जाईना.

"तो फोन माझ्या मेव्हण्यानं केला होता. तेलही त्यानंच टोचलं. पोरीला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मी त्याला ओक्लाहोमाला तेलविहिरीवर कामाला धाडलाय. तो पुन्हा काही बोलणार नाही."

मी म्हटले, हे तू आधी सांगितले असतेस तर मी छापले असते.

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.

तो गेल्यावर रोझेला बराच वेळ शुद्धलेखन तपासत बसली. जाहिरातीत तपासण्यासारखे चार शब्द होते. शेवटी मान वर न करता म्हणाली, "म्हणजे संपलं की सगळं. डेलबर्टला सांगायला हवं."

"हवं," मी म्हणालो.

संध्याकाळी दिवा मालवला, कुलूप लावले. धुलाईकेंद्रासमोर राखाडी पिकअप होती. आता लपण्याचे कारण उरले नसल्याने तो आतला दिवा लावून बसतो, वर्तमानपत्र वाचत. आमचेच, आणि चुकांखाली पेन्सिलीने रेघा ओढत. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली. अंगात नवा लोकरी सदरा, दाढी केलेली.

"क्रॅबट्रींकडून काही कळलं?" त्याने विचारले.

रस्त्यावर कोणी नव्हते. वाऱ्याने कागद उडत होता.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग सावध राहायला हवं." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "असली माणसं वाट बघतात. थंडी पडली, लोक घरात बसले, की मग येतात. मला वाटतं, फेब्रुवारीपर्यंत तरी यावं लागेल मला."

"फेब्रुवारी संपेपर्यंत," मी म्हणालो. "मग बघू."

"उद्या पाचला?"

"पाचला. आणि घरी येताना तू गाडी पुढे ठेव, मी मागे येतो."

त्याने याचा थोडा विचार केला. मग मान डोलावली आणि बियांची पिशवी माझ्यापुढे धरली.